वजनाचा वार

वजन ही मोठी गमतीची चीज आहे. अंगावर चढले तर माणूस ते लपवतो आणि शब्दाला आले तर मिरवतो. कचेरीतला कागद जागचा हलेना म्हणजे त्यावर ‘वजन’ ठेवावे लागते, हा नियम न्यूटनला ठाऊक नसला तरी आपल्याला आहे. पूर्वी रेल्वे स्टेशनावर रंगीत दिवे लुकलुकणारे एक यंत्र उभे असे. त्यात नाणे टाकले की खटकन पुठ्ठ्याचे तिकीट हातात पडे. त्यावर वजन असे आणि सोबत भविष्यही असे. वजन पाहून खट्टू झालेला माणूस भविष्य वाचून पुन्हा खुलत असे. वजनाशेजारी भविष्य छापण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला आपण केवढे सत्य सांगून गेलो याचा पत्ता नसावा. तान्ह्या जिवांच्या बाबतीत वजन हेच भविष्य असते. मात्र ते वाचता येणारी माणसे थोडी. अशा थोड्यांपैकी एक आमची ताई.

ताई ही माझी मावसबहीण. नारायणगावच्या पुढे, नाशिकचा रस्ता सोडून आत वळले की तिचे गाव लागते. तिची सारी उमर अंगणवाडीची सेविका म्हणून गेली. १९७५ साली गांधीजयंतीच्या दिवशी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या सेविकांच्या हाती एक काटा आणि एक तक्ता आला. काटा तुळईला टांगायचा, झोळीत मूल बसवायचे, त्याने भोकाड पसरले असतानाच आकडा वाचायचा आणि तक्त्यावर टिंब द्यायचे. महिन्यामहिन्याची टिंबे जोडली की रेघ होते. रेघ चढती असली तर ठीक. आडवी झाली तर त्या घरी जाऊन बसायचे. उतरू लागली तर डॉक्टरांकडे धाव घ्यायची.

“मूल हसतंय, खेळतंय, आई म्हणते सगळं बरं आहे, आणि रेघ मात्र आडवी,” ताई सांगायची. “अशा वेळी मी रेघेचं ऐकायची.”

२०१५ साली ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी घरामागच्या पडीक तुकड्यावर कर्ज काढून तिने पाच हजार कोंबड्यांची शेड उभी केली. एका कंपनीशी करार झाला. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. जागा, वीज, पाणी आणि घाम ताईच्या घरचा. आणि पक्षी मोठे झाले की किलोमागे ठरलेली मजुरी. ही बातमी आमच्या घरी पोचली तेव्हा चातुर्मास सुरू होता. आमच्या हिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “मुलांची वजनं करणारे हात आता कोंबड्यांची वजनं करणार?” हे ताईच्या कानावर गेले. ती रागावली नाही. म्हणाली, “तिला म्हणावं, दोघांनाही बोलता येत नाही. दोघांच्याही वतीनं काटाच बोलतो.”

वाचकांत कोंबडी खाणारा एक पक्ष असेल आणि तिचे नावही न घेणारा दुसरा पक्ष असेल. या दोन पक्षांचा वाद मिटवण्याचे काम माझ्या आवाक्यातले नाही. मी लिहितो आहे ते तिसऱ्या पक्षाविषयी, म्हणजे खुद्द पक्ष्याविषयी. पोल्ट्रीच्या धंद्यात कोंबडीला कोंबडी म्हणत नाहीत, ‘पक्षी’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला उगाच आकाशात पाहावेसे वाटले होते.

मी पहिल्यांदा तिच्या शेडवर गेलो तो २०१८ सालच्या हिवाळ्यातला शनिवार होता. शनिवार हा तिथला वजनाचा वार. दर आठवड्याला वारही तोच आणि वेळही तीच. भरल्या पोटाच्या पक्ष्याची उपाशीपोटी पक्ष्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

अंड्यातून आलेले एका दिवसाचे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते. आठवडा भरेपर्यंत ते चौपटीच्या वर जायला हवे. म्हणून पिल्ले शेडात उतरली की पहिल्या रात्री ताई झोपत नाही. एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन त्याच्या मानेखालची पिशवी बोटाने चाचपते. पिशवी भरलेली आणि मऊ लागली तर दाणा आणि पाणी दोन्ही मिळाले. टणक लागली तर दाणा सापडला, पण पाणी सापडले नाही. रिकामी लागली तर बाळ दोन्हींना मुकले. आपल्या आयाही मुलांच्या पोटावरून हात फिरवून हेच पाहत. त्याला कोणी तपासणी म्हणत नसे, एवढेच.

पुढच्या पाच-सहा आठवड्यांत हा ४० ग्रॅमचा जीव दोन किलोंच्या घरात जातो. हा वेग निसर्गाने दिलेला नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि १९७८ सालचे कोंबडीचे वाण जसेच्या तसे सांभाळून ठेवलेले होते. तिथल्या संशोधकांनी त्यांच्यासोबत २००५ सालचा वाण घेतला, तिघांना एकाच तऱ्हेचे खाद्य दिले आणि २०१४ साली आकडे प्रसिद्ध केले. ५६व्या दिवशी १९५७ च्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम भरले, १९७८ च्या वाणाचे १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचे ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. बदलले ते फक्त माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे. आमच्या लहानपणी परड्यात फिरणारी गावरान कोंबडी आठ दिवस रुसली तरी नवव्या दिवशी उकिरड्यावर हजर असे. या नव्या पक्ष्याला रुसायलाही सवड नाही. त्याचा एक दिवस वाया गेला तर तो भरून निघत नाही.

तर त्या शनिवारी भाच्याने शेडाच्या एका कोपऱ्यात जाळीची घडी उभी केली आणि हलक्या हाताने पन्नासेक पक्षी आत वळवले. तो एकेक पक्षी काट्याला लावी, ताई आकडा वाची आणि मी वहीत लिही. नियम असा, की जाळीत आलेल्या प्रत्येकाचे वजन झालेच पाहिजे. निवडायचे नाही. माणसाचा हात आपोआप धष्टपुष्ट पक्ष्याकडे जातो, आणि मग काटा खरे बोलत असला तरी वही खोटी होते. शेवटी जाळीच्या कडेला अंग चोरून बसलेला एक लहानसा पक्षी उरला. मदतीला आलेला पोरगा म्हणाला, “हे राहू द्या काकू, ह्यानं सरासरी बिघडंल.”

“बिघडू दे,” ताई म्हणाली. “ते आहे ना शेडात?”

सरासरी हा प्रकार फसवा आहे. दहा पक्षी आहेत आणि दहाही एकेक किलोचे आहेत, तर सरासरी एक किलो. पाच पक्षी सातशे ग्रॅमचे आणि पाच तेराशेचे असले, तरीही सरासरी एक किलोच. पहिल्या घरात सुख आहे, आणि दुसऱ्या घरात पाच जण पाच जणांच्या तोंडचे खात आहेत. कागदावर दोन्ही घरे सारखी. म्हणून जाणते लोक दुसरा एक हिशेब करतात. सरासरीच्या दहा टक्के खाली आणि दहा टक्के वर या दोन रेघांच्या आत शंभरातले किती पक्षी बसतात ते मोजतात. ऐंशी बसले तर कळप एकसारखा चालला आहे. साठच बसले तर शेडात कुठेतरी कोणीतरी उपाशी किंवा तहानेले आहे, किंवा कोणाला थंडी बाधते आहे. कोण आणि कुठे, हे मात्र हिशेब सांगत नाही. त्यासाठी उठून आत जावे लागते.

२०२१ साली भाच्याने शेडात यंत्र आणले. पोराला तंत्राची हौस, आणि आईचे गुडघे आता कुरकुरू लागले होते. यंत्र म्हणजे जमिनीपासून थोडी वर टांगलेली एक तबकडी. कोंबडीला उंचवट्यावर चढून बसण्याची उपजत आवड आहे. ती उडी मारून तबकडीवर बसली की तेवढ्यात तिचे वजन नोंदले जाते. दोन पक्षी एकदम बसले तर यंत्र ती नोंद गाळून टाकते. दिवसभरात अशी शेकडो वजने होतात आणि रात्री त्यांची सरासरी भाच्याच्या मोबाइलवर येते. सोबत शेडातले तापमान, हवेतला ओलावा आणि दिवसभरात खर्च झालेले पाणी. पकडापकडी नाही, फडफड नाही. उन्हाळ्यात नुसत्या धावपळीने पक्षी दगावतात, तो धोकाही टळला. मला ते सारे फार आवडले. आमच्या हिलाही आवडले. “निदान त्यांना उलटं तरी धरत नाहीत,” ती म्हणाली.

ताईने मात्र वजनाचा वार मोडला नाही.

“आई, आता कशाला?” भाचा म्हणे. “तू शंभर वजनं करतेस, यंत्र रोज हजार करतं.”

“यंत्र चढणाऱ्याचं वजन करतं,” ताई म्हणे. “न चढणाऱ्याचं कोण करणार?”

हे वाक्य मी तेव्हा म्हातारपणचा हेका म्हणून ऐकले. पुढे कळले, की जाणकारही तेच सांगतात. पक्षी जड झाला किंवा त्याचे पाय दुखू लागले, की तो तबकडीवर उडी मारीत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवसांत यंत्राचा आकडा खऱ्या वजनाच्या मागे पडतो.

२०२२ सालच्या एप्रिलात मी पुन्हा गेलो होतो. ऊन नुसते भाजून काढत होते. लॉट २१ दिवसांचा झाला होता. मोबाइलवर आकडा आला ८५० ग्रॅम. कंपनीच्या सुपरवायझरने आपल्या शहरातूनच तो पाहिला आणि फोनवर म्हणाला, “काकू, वजन एकदम मस्त आहे, काळजी नाही.” त्याच सकाळी ताईने हाताने वजने घेतली. दाराजवळ पस्तीस, मध्यभागी पस्तीस आणि पार टोकाला पस्तीस. दाराजवळची सरासरी ८६० निघाली. मध्यभागी, जिथे तबकडी टांगली होती तिथे, बरोबर ८५०. टोकाला ६४०.

भाचा काटा पुन्हा शून्यावर आणून पाहू लागला. ताई तोवर खाली वाकून पाण्याच्या नळीजवळ गेली होती. शेडात लांबच लांब नळी असते आणि तिला थोड्याथोड्या अंतरावर धातूची बोंडे असतात, त्यांना निपल म्हणतात. पक्ष्याने चोच लावली की थेंब पडतो. ताई बोटाने एकेक निपल दाबत निघाली. दारापासून बऱ्याच लांबपर्यंत थेंब येत होता. पुढे तो बारीक झाला. शेवटच्या काही हातांवर बोट कोरडेच राहिले. बोअरचे पाणी जड, त्यातला क्षार साचून टोकाची निपले बुजली होती. तिथले पक्षी नळीखाली माना वर करून उभे होते.

त्या रात्री आम्ही कोणी नीट जेवलो नाही. भाच्याने क्षार सुटण्याचे औषध सोडून नळी धुतली. ताईने हलके पक्षी निवडून जाळीच्या वेगळ्या भागात घेतले. ते तीनशेच्या वर भरले. त्यांच्यापुढे पिल्लांची जुनी प्लास्टिकची भांडी भरून ठेवली. पक्षी पाण्यावर असे तुटून पडले, की थोडे थोडे द्यावे लागले. या लॉटच्या पैशांतून कर्जाचा हप्ता जायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. पुढे त्यांतले बहुतेक सावरले. चाळीसेक सावरले नाहीत. ताईच्या वहीत त्यांच्यापुढे ‘मरतुक’ असे लिहिले आहे आणि कंसात एकच शब्द आहे: ‘पाणी’.

हे वाचून यंत्राच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना मी लगेच आवरतो. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जुलैत, यंत्राने आपली लाज राखली. पाऊस आठ दिवस कोसळत होता. ओल येऊ नये म्हणून शेडाचे पडदे सतत खाली सोडलेले. कळप वरवर ठणठणीत होता, एकही पक्षी मेला नव्हता. आणि एका रात्री पाण्याचा आकडा आदल्या दिवसापेक्षा कमी आला. वाढत्या वयाचा पक्षी रोज थोडे जास्त पाणी पितो. खाद्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे पाणी त्याला लागते. तो कमी पिऊ लागला तर काहीतरी बिनसले आहे हे समजावे, आणि डोळ्यांना दिसायच्या आधी ते पाण्याच्या आकड्यात दिसते.

ताईने उजाडताच डॉक्टरांना बोलावले. तिच्या मनात काय होते ते मला ठाऊक आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ सापडली आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. त्या बातम्या तिने अंगणवाडीत बसून ऐकल्या होत्या. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण रोगाच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. डॉक्टर आले. त्यांनी काही पक्षी तपासले, मग भाच्याला म्हणाले, “इथं खाली बस आणि कोंबडीच्या उंचीवर श्वास घे.” तो उकिडवा बसला आणि डोळे चोळत उठला. ओल्या तुसातून निघालेला अमोनिया जमिनीलगत कोंडला होता. उभ्या माणसाला तो जेमतेम जाणवत होता. पाच हजार जीव मात्र रात्रंदिवस त्यातच नाक खुपसून होते. पडदे उघडले, तूस बदलले, औषध दिले, आणि चार दिवसांत पाणी पुन्हा चढले. त्या दिवसापासून ताई यंत्राला ‘ते’ म्हणत नाही, ‘आपलं यंत्र’ म्हणते.

मुक्या जिवाचे दुःख मोजायचे कसे, हा प्रश्न काही आजचा नाही. इंग्लंडमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन या बाईंनी ‘ॲनिमल मशीन्स’ नावाचे पुस्तक लिहिले. कारखान्यासारख्या शेडांत जनावरे कशी वाढवली जातात, हे वाचून तिथली साधी घरेदारे हादरली. सरकारने समिती नेमली. तिच्या १९६५ च्या अहवालातून पुढे पाच स्वातंत्र्यांचा विचार आकाराला आला. तहान-भुकेपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, दुखण्या-खुपण्यापासून मुक्ती, भीतीपासून मुक्ती आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. १९९२ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडीच्या चालीला शून्य ते पाच गुण देण्याची रीत मांडली: शून्य म्हणजे झकास चाल, पाच म्हणजे पक्ष्याला चालताच येत नाही. वजन भरभर वाढले आणि पायांना ते पेलवेना, तर काट्यावरचा देखणा आकडा हेच त्या पक्ष्याचे दुःख असते. म्हणून नुसते वजन पुरत नाही, चालही पाहावी लागते.

अलीकडे तर छतावर कॅमेरे आणि मायक्रोफोन आले आहेत. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठाचे डॅनिएल बेर्कमान्स यांनी या विद्येच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. कॅमेरा कळप कुठे दाटला आहे आणि कुठे विरळ झाला आहे ते पाहतो. कान देऊन ऐकणाऱ्या संशोधकांना असेही आढळले, की पिल्लू वाढते तशी त्याच्या चिवचिवाटाची पट्टी खाली उतरते. म्हणजे नुसत्या आवाजावरून वजनाचा अंदाज बांधता येतो. हे मी ताईला सांगितले. तिला त्याचे मुळीच नवल वाटले नाही. “मग? पोराचा आवाज फुटला की तो वाढला, हे कळायला यंत्र कशाला?” असे म्हणाली, आणि क्षणभराने भाच्याकडे वळून, “पण ते कितीला मिळतं रे?”

एकदा रात्री ओसरीवर बसलो असताना मी तिला मनातले विचारले. ताई, ही सारी जपणूक खरी, पण शेवटी गाडी येते आणि सगळे पक्षी घेऊन जाते. सहा आठवड्यांचा तर जीव. त्याच्या तहानेचा एवढा घोर का लावून घ्यायचा?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सहाच आठवडे आहेत, म्हणूनच. माणसाची सत्तर वर्षं धर. कोंबडीचा एक आठवडा म्हणजे आपली बारा वर्षं झाली. टोकाच्या त्या पक्ष्यांनी आठवडाभर तहान काढली असंल. बारा वर्षं, बाबा. गाडी कधी येणार ते माझ्या हातात नाही. नळीत पाणी आहे की नाही, ते आहे.”

यावर मला काही उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. आमच्या हिला हा हिशेब सांगितला, तेव्हा तिने तो पाटीवर करून पाहावा तसा बोटांवर करून पाहिला आणि गप्प राहिली. ती अजूनही कोंबडी खात नाही आणि पुढेही खाणार नाही, पण ताईचा फोन आला की आधी विचारते, “पाणी येतंय ना शेवटपर्यंत?”

आताशा आकडे फार स्वस्त झाले आहेत. मनगटावरचे घड्याळ आपली पावले मोजते, शाळा मुलांच्या वर्गाची सरासरी पाठवते, आणि ‘सगळं ठीक आहे’ असा निरोप घेऊन आपण निजतो. मला तसा निरोप आला, की ताईच्या शेडाचे ते टोक आठवते. आकडा खोटा नव्हता. तो फक्त मध्यभागी टांगलेला होता.

परवा दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन भाचा आला, तेव्हा ताईची नवी वही माझ्यासाठी मुद्दाम घेऊन आला होता. आता वहीत वजनाचे दोन रकाने आहेत. ‘सरासरी’ या रकान्यात भाचा यंत्राचा आकडा उतरवतो. त्याच्या शेजारी ताईने स्वतःच्या हाताने आखलेला रकाना आहे: ‘सर्वांत हलका’. तो मात्र दर शनिवारी तीच भरते, आणि पुढे त्या पक्ष्याची शेडातली जागा लिहिते.